दाखल-खारीज रजिस्टर आणि नागपूरची वाट



मेळाव्याच्या तयारीसाठी शाळेत गेलो, तेव्हा ऑफिसच्या कपाटातले जुने दाखल-खारीज रजिस्टर पाहायला मिळाले. पहिली नोंद 1958 ची. जन्मतारखेच्या रकान्यात ओळीने 1 जुलै. गुरुजींनी अंदाजाने वय धरले की तारीख ठरलेलीच!

26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा आपण आठवीत होतो. जिल्हा कचेरी जवळ आली, विद्यापीठ मात्र नागपुरातच राहिले. सिरोंच्याहून ते साडेतीनशे किलोमीटरच्याही पुढे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, आणि फॉर्मची शेवटची तारीख काही नदीसाठी थांबत नसे. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आले ते 2011 साली. तोवर आपलीच मुले कॉलेजात गेली होती.

अंतराबद्दल सगळेच बोलतात. मला कागदाबद्दल सांगायचे आहे. जुन्या चांदा जिल्ह्यात गोंडांना अनुसूचित जमात मानले जाई ते फक्त गडचिरोली आणि सिरोंचा तहसिलीत. ब्रह्मपुरी किंवा वरोऱ्याचा गोंड, सोयरिक एकच असली तरी, यादीबाहेर. 1976 च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्राची अट गेली. पुढे 2000 चा जात पडताळणी कायदा आला. खोट्या दाखल्यांवर जागा लाटणाऱ्यांना आवर घालणे जरुरीचेच होते, याबद्दल माझे दुमत नाही. पण पडताळणीत 1950 पूर्वीचा पुरावा सगळ्यांत भक्कम मानला जातो, आणि ज्या गावात शाळाच नव्हती तिथल्या आजोबांचा दाखला कुठून आणायचा? उरते कोतवाल बुक, तेही सापडले तर. वडिलांकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर मुलाचे काम सोपे होते. म्हणजे घरातून पहिल्यांदा शिकायला निघालेल्यालाच सर्वांत जास्त हेलपाटे.

आपल्या बेंचवरच्या एका माडिया मित्राच्या मुलीचा प्रवेश अशाच खेपांत अडला होता. त्याच्या नावापुढे रजिस्टरात ‘गोंड’ आहे, धाकट्या भावापुढे ‘माडिया’. यादीत दोन्ही नावे एकाच नोंदीत येतात, तरी खुलासा द्यावा लागला. एक वर्ष गेले. ती आता शिकते आहे.

रजिस्टरची पहिली तीस-चाळीस पाने कडेने झडू लागली आहेत. मेळाव्याच्या शिल्लक वर्गणीतून ती स्कॅन करून घ्यावीत आणि एक प्रत शाळेत ठेवावी, असे मी समितीला सुचवले आहे.