फुकटच्या खेळाचें मोल

द्रव्य न देतां मिळालेल्या वस्तूचें मोल द्यावें लागत नाहीं, असें समजणें ही मनुष्याची जुनी खोड आहे. संगणकावरील खेळांच्या व इतर आज्ञावलींच्या चोरट्या प्रतींचा इतिहास पाहिला म्हणजे हें मोल कोणीं व कसें चुकविलें, तें ध्यानांत येतें. हा इतिहास चार दशकांहून अधिक आहे. त्याच्या तीन पायऱ्या आम्हांस दिसतात: थट्टा, शिक्षा आणि धंदा.

पहिली पायरी १९८२ सालची. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत रिच स्क्रेंटा ह्या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें ॲपल-२ संगणकासाठीं ‘एल्क क्लोनर’ नांवाचा विषाणु रचिला. मित्रमंडळींत खेळांच्या तबकड्यांची देवघेव चाले. त्यांत खोड्या करून ठेवण्याबद्दल त्याची ख्याति झाल्यामुळें कोणी त्यास आपली तबकडी हाताळूं देईना. तेव्हां त्यानें आपोआप पसरणारी युक्ति योजिली. बाधित तबकडीवरून पन्नासाव्या वेळीं संगणक सुरू केला कीं पडद्यावर एक लहानशी कविता उमटे. नुकसान फारसें नव्हतें. परंतु उसन्या खेळाबरोबर अदृश्य पाहुणा घरांत शिरतो, हें सिद्ध झालें.

दुसरी पायरी १९८६ सालची. लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी ह्या बंधूंनीं ‘ब्रेन’ हा विषाणु निर्माण केला. आपल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या प्रतींस आळा बसावा, हा आपला हेतु होता, असें त्यांनीं पुढें सांगितलें. विषाणूंत त्यांनीं आपलीं नांवें, पत्ता व दूरध्वनीचे क्रमांकहि घातले होते! पण ही शिक्षा लाहोरांत थांबली नाहीं. तबकड्यांबरोबर ती देशोदेशीं गेली.

तिसरी पायरी धंद्याची. अव्हास्ट ह्या झेक कंपनीनें २०२१ सालीं ‘क्रॅकोनोश’ नामक विषाणूची हकीकत प्रसिद्ध केली. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’, ‘फार क्राय ५’ इत्यादि खेळांच्या चोरट्या प्रतींतून २०१८ पासून तो दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला होता. त्यांत भारतांतील संगणकहि होते. तो विषाणुरोधक यंत्रणा बंद पाडी आणि परक्याच्या विजेवर मोनेरो हें आभासी चलन मिळवी. ह्या मार्गानें त्याच्या कर्त्यांनीं वीस लाख डॉलरांहून अधिक कमाई केली.

हें साधतें कसें? चोरट्या खेळाचें कुलूप मोडणारी आज्ञावली, म्हणजे ‘क्रॅक’, चालविण्यासाठीं रक्षक यंत्रणा बंद करण्यास व संगणकाचे सर्वाधिकार देण्यास सांगण्यांत येतें. रक्षकाचा इशारा खोटा आहे, असेंहि बजावण्यांत येतें. खेळाच्या उत्कंठेनें मुलगा तसें करितो, आणि चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या जातात. त्याच संगणकावर वडिलांचे बँकेचे व्यवहार, बहिणीचे प्रवेशअर्ज व घरचीं छायाचित्रें असतात. सांठविलेले गुप्तशब्द पळविणारे विषाणुहि ह्याच वाटेनें येतात.

खेळांच्या किंमती पुष्कळांस परवडत नाहींत, हें आम्ही जाणतों. मुलांस केवळ चोर ठरवून भागणार नाहीं. अधिकृत ठिकाणींहि कित्येक खेळ विनामूल्य वा सवलतीनें मिळतात, हें त्यांस दाखवून देणें अधिक हिताचें. थट्टेच्या काळीं पीडितास कविता तरी दिसे, शिक्षेच्या काळीं पत्ता तरी मिळे. धंद्याच्या ह्या काळांत त्यास कांहींच दिसत नाहीं. म्हणूनच रक्षकानें दिलेली हांक ऐकण्याची संवय घरोघरीं लागली पाहिजे.