रुक्मिणीच्या माहेरची पोथी

वर्धेच्या काठचे आमचे कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून वाचकांना ठाऊक आहेच. तिच्या स्वयंवरावर तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव कवी नरेंद्राने काव्य रचले. त्याची आख्यायिका मी दरवर्षी वर्गात सांगतो. रामदेवराव यादवाने ओवीमागे एक सोन्याचे नाणे देऊ केले. मात्र ग्रंथावर नाव राजाचे हवे होते! नरेंद्राने नकार दिला. नाव राहिले, पण पोथी दरबारीच अडकली. कवीच्या हाती उरल्या त्या नऊशेच्या आसपास ओव्या. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. किल्ली नसलेल्याला पोथी मुकीच! ती किल्ली बाहेरच्या अभ्यासकांना गवसली विसाव्या शतकात.

हे सारे माझ्याही वाट्याला येईल असे वाटले नव्हते. 2006 साली मी कादंबरी संगणकावर टंकून घेतली. छापायला पैसे नव्हते, तेव्हा ती कपाटातच राहिली. 2007 साली अमेरिकेत किंडल हे वाचनयंत्र आले, लेखकाला आपले पुस्तक आपणच त्यावर चढविण्याची सोयही झाली, आणि डिसेंबर 2016 मध्ये मराठी पुस्तकेही तेथे आली. मी हरखून जुनी फाईल काढली. माझा एक माजी विद्यार्थी ती उघडून म्हणाला, "गुरुजी, हे तर सारं इंग्रजी अक्षरायचं कडबोळं दिसून राह्यलं!"

कारण साधे होते. जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. तो फाँट नसला की मजकूर मुका. 1991 च्या युनिकोडने मात्र प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. आपल्या 'क'चा 2325. मजकूर युनिकोडात बदलला, तरी रफार भलतीकडे गेले, जोडाक्षरे फुटली. मग सौभाग्यवती हस्तलिखित वाचीत आणि मी दुरुस्त करी, अशा कित्येक रात्री गेल्या. शेवटी ईपब नावाच्या साच्यात पुस्तक घालून चढविले.

मुखपृष्ठावर नाव माझेच आहे. तरीही ईपबची एक प्रत मी घरी जपून ठेवली आहे. दुकान कितीही मोठे असले तरी ते परक्याचे, हे नरेंद्राने शिकविलेच आहे.

यंत्रावर पहिले पान उघडून आईपुढे धरले. ती म्हणाली, "अक्षर मोठं होते म्हनतं ना? मंग चष्मा राहू दे."