वाटणी आणि फूट : बंगळूरच्या जहागिरीची कथा

मराठी भाषेत मोडतोडीला एक शब्द पुरत नाही. काच फुटते, दोरी तुटते, कापड फाटते, काठी मोडते. पदार्थाचा जसा स्वभाव तसे त्याचे क्रियापद. माणसांविषयी बोलतानाही भाषेने हा विवेक सोडलेला नाही. घर मडक्यासारखे फुटते, नाते धाग्यासारखे तुटते, संसार मोडतो आणि रणात फौजेचा मोड होतो. या शब्दांत एक साम्य आहे. या साऱ्या गोष्टी आपोआप घडल्यासारख्या सांगता येतात. ‘घरात फूट पडली’ असे म्हटले की ती कोणी पाडली हे सांगण्याची जबाबदारी उरत नाही. ‘वाटणी’ मात्र आपोआप पडत नाही. ती कोणाला तरी करावी लागते, मागावी लागते आणि द्यावी लागते. म्हणूनच वाटणी झालेले भाऊ ‘वेगळे निघाले’ असे गावात म्हणतात. ते फुटले असे कोणी म्हणत नाही. याउलट ‘भाऊबंदकी’ या शब्दाचा मूळ अर्थ नुसता भाऊबंदांचा संबंध एवढाच. त्याला कलहाचा अर्थ चिकटला, तो मात्र अनुभवाने.

या दोन शब्दांमधले अंतर मराठ्यांच्या इतिहासात जिथे फार स्पष्ट दिसते, ते ठिकाण महाराष्ट्रात नाही. ते बंगळुरात आहे. पहिल्या केंपेगौडाने 1537 मध्ये वसवलेल्या जुन्या पेठेत दोड्डपेटे म्हणजे मोठी पेठ आणि चिक्कपेटे म्हणजे लहान पेठ. आज चिकपेट रेशमी वस्त्रांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तिथे ठाणातले कापड फाडून दिले तर गिऱ्हाईक संतुष्ट होते. फाडणे हे क्रियापद इतके निरुपद्रवी दुसरीकडे क्वचितच असेल. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने तिसऱ्या केंपेगौडाकडून हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजांचे वास्तव्य याच चिकपेट भागातील गौरी महालात होते, असे परंपरा सांगते. त्यांच्या दरबाराचे वैभव जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त वाचावयास मिळते. हा ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे यांनी प्रसिद्ध केला. अनेक भाषांचे कवी त्या दरबारी एकत्र नांदत होते.

नांदले नाही ते कुटुंब. जिजाबाई व शिवाजीराजे पुण्यास, तर तुकाबाई व त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे कर्नाटकात, अशा दोन चुली शहाजीराजांच्या हयातीतच झाल्या होत्या. 1664 च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून राजांचा अंत झाला. कर्नाटकची जहागीर व्यंकोजीराजांकडे राहिली. पुढे 1675 च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतले व आपली गादी तिकडे नेली.

वाट्याचा प्रश्न निघाला तो तेरा वर्षांनी. शहाजीराजांचे कर्नाटकातील कारभारी नारोपंत हणमंते यांचे पुत्र रघुनाथपंत व्यंकोजीराजांशी न पटल्याने शिवाजीमहाराजांकडे आले आणि 1677 च्या दक्षिण दिग्विजयात त्यांचा मोठा हात होता. फारसी राजशब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ परंपरेने याच रघुनाथपंतांच्या नावावर नोंदला जातो. शब्दांची पारख असलेल्या या मुत्सद्द्याच्या सल्ल्याने महाराजांनी जी मागणी केली, ती खंडणीची नव्हती. ती वडिलार्जित मिळकतीच्या अर्ध्या वाट्याची होती.

हा शब्द निवडण्यात मोठे राजकारण होते. स्वारी म्हटले असते तर महाराज आक्रमक ठरले असते. वाटा म्हटल्याने ते वारस ठरले. या वारसाहक्काला धर्मशास्त्राचा आधारही होता. कर्नाटकातीलच कल्याणीस चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने लिहिलेली ‘मिताक्षरा’ महाराष्ट्रात प्रमाण होती, आणि तिच्या मते वडिलार्जितावर पुत्राचा हक्क जन्मतःच असतो. विभाग म्हणजे मोडतोड नव्हे. समाईक स्वामित्वातील ज्याचा त्याचा अंश ठरवून देणे. पण त्याच शास्त्रानुसार स्वतःच्या पराक्रमाने मिळवलेले धन वाटणीत येत नाही. तंजावर हे स्वार्जित की जहागिरीच्या बळावर मिळवलेले, याला शास्त्रात सोपे उत्तर नव्हते. शिवाय व्यंकोजीराजे स्वतःला आदिलशहाचे सेवक मानत. चाकरीची जहागीर वतनासारखी वाटता येते काय, हा त्यांच्या बाजूचा आक्षेप हलका म्हणता येणार नाही.

कोल्लिडमच्या काठी दोघा भावांची भेट झाली. व्यंकोजीराजे रात्रीच निरोप न घेता निघून गेले. महाराज परतल्यावर व्यंकोजीराजांनी चाल केली. तिकडे ठेवलेल्या फौजेत रघुनाथपंत होते आणि महाराजांचे सावत्र बंधू संताजीही होते. व्यंकोजीराजांचा मोड झाला. वाटणीची भाषा बोलता बोलता फूट पडली ती अशी.

तडजोड पुढे झाली, आणि तिच्यात व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांचे वजन खर्ची पडले. उत्तरकालीन बखरींत त्या तहाची कलमे दिलेली आहेत. ती शब्दशः खरी मानावीत की नाही, यावर मतभेद आहेत. तरी त्यांतील एक कलम लक्षात घेण्याजोगे आहे. बंगळूर व लगतचा मुलूख महाराजांनी व्यंकोजीराजांना वाटा म्हणून दिला नाही, दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी दिला. चोळी-बांगडी म्हणजे स्त्रीधन, आणि स्त्रीधनाला भावाभावांच्या वाटणीची सुरी लागत नाही. ज्या शहरावरून तलवारी निघाल्या, ते या एका शब्दाने वादाच्या बाहेर गेले. हक्क सांगणाऱ्याने हक्क सोडला नाही आणि घेणाऱ्याला हार पत्करावी लागली नाही. हे कलम बखरकाराच्या पदरचे असले, तरी भाऊबंदकीवर मराठी मनाला कोणता तोडगा सुचत होता हे त्यातून कळते.

मुलूख मात्र फार दिवस राहिला नाही. तंजावराहून बंगळूर सांभाळणे कठीण होते. 1687 मध्ये व्यंकोजीराजे ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजास विकण्याची बोलणी करीत असतानाच मोगलांचा सरदार कासीमखान शहरात शिरला, आणि अखेर तीन लाख रुपयांना ते म्हैसूरकरांकडे गेले. तंजावरची गादी 1855 पर्यंत टिकली. बंगळूर तिच्याकडे पुन्हा आले नाही.