मानदुखी : भौतिकोपचार (नवलाख उंबरे परिसर)

नवलाख उंबरे (ता. मावळ, जि. पुणे) हे तळेगाव औद्योगिक वसाहतीलगतचे गाव. भातलावणीच्या दिवसांत वाकून रोपे खोचणारे, डोक्यावर भारा वाहणारे आणि कारखान्यात पाळीभर एकाच कोनात मान धरून जुळणी करणारे, असे सगळे इथे एकाच घरात सापडतात. मानेच्या 7 मणक्यांवर साडेचार ते पाच किलोंचे डोके तोललेले असते. ते पुढे झुकले की मागच्या स्नायूंवरचा भार वाढतो. बहुतेक मानदुखीत हाडाचा ठळक दोष आढळत नाही. पन्नाशीनंतरच्या क्ष-किरण चित्रात मणक्यांची झीज दुखणे नसतानाही दिसते, म्हणून केवळ चित्रावरून उपचार ठरवू नयेत.

उपचार : शेक, टेन्स व आय.एफ.टी. (सौम्य विद्युतप्रवाहाचे उपचार) आणि अल्ट्रासाउंड यांनी काही काळ आराम पडतो. अल्ट्रासाउंडच्या परिणामाचा पुरावा तोकडा आहे, तरी दवाखान्यांत त्याचा वापर सर्रास होतो. ट्रॅक्शनबाबत (मान ओढून ताण देणे) मतभेद आहेत. हातात कळ जात असल्यास काहींना उपयोग होतो. हाताने मणके हलके सरकवण्याच्या पद्धती मेटलंड (ऑस्ट्रेलिया) व मुलिगन (न्यूझीलंड) यांच्या नावाने ओळखल्या जातात. झटका देऊन मान ‘मोडणे’ वेगळे. ते अप्रशिक्षिताकडून कधीही करून घेऊ नये.

कॉलर : अल्पकाळच.

व्यायाम : दीर्घकाळच्या मानदुखीत सर्वांत भरवशाचा उपाय हाच. क्वीन्सलंड विद्यापीठात ग्वेंडोलिन जल यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण गुडघे दुमडून उताणा झोपतो. मानेखालची हवेची पिशवी पाऱ्याच्या 20 मिलिमीटर दाबापर्यंत फुगवतात. ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच हनुवटी हळू खाली घ्यायची, दाब 22 वर न्यायचा, 10 सेकंद टिकवायचा. मग दोन-दोनने वाढवत 30 पर्यंत. या वेळी गळ्याच्या बाजूचे जाड स्नायू ताठले तर हालचाल चुकली, असे समजावे. घरी पिशवीऐवजी टॉवेलची गुंडाळी चालते. पुढे खांदे व पाठीच्या वरच्या भागाचे बळकटीकरण जोडावे. ते आठवडेच्या आठवडे, नेमाने करावे लागते. दुखणे थांबताच व्यायाम सोडणाऱ्यांची मान पुन्हा धरते.

परिसरातील सोयी : तळेगाव दाभाडे येथे 1995 मध्ये स्थापन झालेले मायमर वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. लोणावळ्याचे कैवल्यधाम (स्थापना 1924, स्वामी कुवलयानंद) योगाभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. तेथील परंपरेतील ब्रह्ममुद्रेत मान चारही दिशांना सावकाश फिरवतात. ही हालचाल सौम्य आहे. मात्र चक्कर येत असल्यास टाळावी.

कायदा : महाराष्ट्रात भौतिकोपचारतज्ज्ञांची नोंदणी 2002 च्या अधिनियमाखालील परिषदेकडे होते.

धोक्याची लक्षणे : शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा अपघातानंतरची मानदुखी. यांपैकी काहीही दिसल्यास व्यायाम, मालीश थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.