कीचकवध, शारदा आणि ठाण्याचा तुरुंग

ठाणे शहरातून कळव्याच्या पुलाकडे जाताना मध्यवर्ती कारागृहाची जुनी तटबंदी लागते. मूळचा हा पोर्तुगीजांचा किल्ला. १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला, १७७४ साली इंग्रजांनी. पुढे त्याचा तुरुंग झाला. १९ एप्रिल १९१० रोजी येथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी देण्यात आली. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात ही तारीख येत नाही. वास्तविक तिच्या मागेपुढे वाङ्मयच उभे आहे.

कवी गोविंदांच्या कविता प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिचा सूड म्हणून २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांच्या निरोपानिमित्त त्या रात्री किर्लोस्कर मंडळीचा 'शारदा'चा प्रयोग होता. देवलांचे हे १८९९ चे नाटक जरठ-बालाविवाहाच्या अन्यायाविरुद्ध होते. आपल्याच समाजाला नैतिक जाब विचारणाऱ्या नाटकाच्या प्रयोगाला परकीय सत्तेचा अधिकारी प्रेक्षक म्हणून आला, आणि सत्तेला विचारायचा जाब त्याच प्रेक्षागृहात पिस्तुलाने विचारला गेला.

हा अधिकारी खलनायकाच्या साच्यात सहजी बसत नाही. संस्कृतच्या व्यासंगामुळे लोक त्यांना 'पंडित जॅक्सन' म्हणत. लोकसमजुतींविषयी त्यांनी जमवलेली माहिती त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन यांनी संपादून प्रसिद्ध केली. तिच्या कोकणविषयक भागात ठाणे जिल्ह्यातल्या शाळामास्तरांनी पाठवलेली उत्तरेही आहेत. आपल्या गावच्या देवदेवस्कीची चौकशी आस्थेने करणारा माणूस आणि आपल्या कवितेच्या प्रकाशकाला अंदमानात धाडणाऱ्या राज्ययंत्राचा अधिकारी, हे दोघे एकच होते. वसाहतवादाचा खरा पेच येथे आहे.

खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, धर्मराज म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल, हे समीकरण प्रेक्षकांना समजावून सांगावे लागले नाही. त्याच वर्षअखेरीस सुरतेस काँग्रेस दुभंगली. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'इंडियन अनरेस्ट' या ग्रंथात व्हॅलेंटाईन चिरोल यांनी हे नाटक राजद्रोही चिथावणीचा नमुना म्हणून पुढे केले.

आपण अध्यापक मंडळी वर्गात हेच समीकरण फळ्यावर लिहितो आणि नाटकाने क्रांतिकारकांना स्फूर्ती दिली, असे अभिमानाने सांगतो. असे सांगताना आपण नकळत चिरोल यांचेच वाचन स्वीकारतो. फक्त निंदेच्या जागी स्तुती घालतो. शब्द हे कृतीचे थेट कारण असते, हे गृहीतक दोघांचे समान आहे. वस्तुतः ज्या रात्री गोळ्या सुटल्या, त्या रात्री रंगमंचावर 'कीचकवध' नव्हते.

या वाचनात धर्मराजाचा बळी जातो. तो भ्याड म्हणून थांबलेला नाही. अज्ञातवास उघडकीस आला तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास आहे; वचनाचे बंधन आहे; भावांचे भवितव्य आहे. दुसरीकडे, अपमान सोसणारी द्रौपदी त्याच्यासमोर उभी आहे, आणि तिला 'थोडे थांब' असे सांगण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. हा पेच महाभारतातच आहे. खाडिलकरांनी तो पारतंत्र्यात आणून उभा केला, म्हणून तो १९०७ च्या प्रेक्षकाला पुराणातला वाटला नाही.

रूपकाची किल्ली सापडली की नाटक संपले, असे विद्यार्थ्यांना वाटते. कर्झन १९०५ सालीच भारतातून गेला होता. कीचक तेवढाच असता तर नाटक जन्मतःच शिळे ठरले असते. ठाण्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हे नाटक वाचून एकदा त्या तटबंदीसमोर थांबावे. कान्हेरे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे, म्हणजे आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलांच्याच वयाचे होते. त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक होऊनही धर्मराजाचा प्रश्न विचारता येतो का, आणि जॅक्सन यांच्या विद्वत्तेची कदर करूनही द्रौपदीचा प्रश्न जिवंत ठेवता येतो का, हे त्याने स्वतःशी पडताळून पाहावे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत या दोन्हींना जागा नसते. वर्गात मात्र ती आपल्याला करून देता येईल.