अपेक्षा आणि अट : मुलांच्या अभ्यासावरील पालकांचे दडपण

फेब्रुवारी महिना उजाडला की महाराष्ट्रातील अनेक घरांचे वेळापत्रक बदलते. दहावी-बारावीचे मूल घरात असेल तर पाहुण्यांचे येणे थांबते, लग्नसमारंभांना घरातील एकच जण हजेरी लावून येतो, आई कार्यालयातून रजा घेते. पूर्वी या वर्षात केबलची जोडणी तोडली जाई. आता मोबाइल कपाटात जातो. ही सारी तयारी मुलाच्या भल्यासाठीच असते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र घराने आपल्यासाठी किती सोसले याचा हिशेब मूलही मनातल्या मनात मांडत असते, आणि निकालाच्या दिवशी तो चुकता करावा लागेल या धास्तीने अभ्यासाला बसते. शैक्षणिक यशासाठी पालकांकडून येणारे दडपण समजून घ्यावयाचे तर सुरुवात या न बोललेल्या हिशेबापासून करावी लागते.

दडपण म्हणजे नेमके काय?

मुलाने अभ्यास करावा, चांगले गुण मिळवावेत अशी इच्छा बाळगणे म्हणजे दडपण नव्हे. ज्या घरात मुलाकडून कसलीच अपेक्षा नसते, तेथे मूल पुष्कळदा दिशाहीन होते. अपेक्षेचे रूपांतर अटीत होते, तेव्हा दडपण सुरू होते. ‘तू अभ्यास करावास असे आम्हाला वाटते’ ही अपेक्षा झाली. ‘नव्वद टक्के मिळाले तरच तोंड दाखव’ ही अट झाली. अट नेहमी शब्दांतूनच येते असे नाही. चाचणीत गुण कमी पडल्यावर दोन दिवस धरलेला अबोला, शेजारच्या मुलाच्या टक्केवारीचा जेवताना सहज केलेला उल्लेख, ‘तुझ्या क्लासच्या फीसाठी कर्ज काढले आहे’ ही आठवण, यांतून मुलाला एकच गोष्ट कळते : आपले घरातील स्थान गुणांवर अवलंबून आहे.

मानसशास्त्रात यास ‘सशर्त स्वीकार’ असे म्हणता येईल. अवी असॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या प्रकाराचा मागोवा घेतला. आईवडिलांची माया आपल्या कामगिरीवर अवलंबून होती, असे वाटणारे महाविद्यालयीन विद्यार्थी पालकांना हवे तसे वागत होते. पण ते आतल्या सक्तीपोटी. यशाचे समाधान त्यांना फार काळ टिकत नसे, अपयशाची लाज मात्र खोल जाई आणि पालकांविषयीची अढीही मनात राही. थोडक्यात, अट घालून आज्ञापालन मिळवता येते. त्याची किंमत मात्र नात्याला मोजावी लागते.

दारे अरुंद, रांग लांब

सारा दोष पालकांच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. पालकांना वाटणारी भीती निराधार नसते. २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी देशभरातून सुमारे २४ लाख उमेदवारांनी नोंदणी केली होती. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्याच वर. सर्व आयआयटी मिळून त्या वर्षी १७,७४० जागा होत्या. सरकारी महाविद्यालयातील जागा हुकली तर खासगी महाविद्यालयाचे शुल्क मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर जाते. पाचदहा गुणांचा फरक हा अशा वेळी काही लाख रुपयांचा फरक ठरतो.

त्यात मराठी समाजाचा स्वतःचा इतिहास मिसळलेला आहे. जमीन नाही, भांडवल नाही, अशा घरांना वर येण्यासाठी शिक्षण हीच एक शिडी ठरली. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांची धुराडी थंडावली आणि हातातील कामाची शाश्वती कशी नाहीशी होते, हे गिरणगावाने पाहिले. ‘आमच्यासारखे हाल तुझ्या वाट्याला नकोत’ या वाक्यामागे असा अनुभव उभा असतो. ते वाक्य खरे असते, म्हणूनच मुलाला त्याचा प्रतिवाद करता येत नाही.

सुधारणा झाल्या, दडपण उरले

शाळकरी मुलांवरील ओझ्याची दखल सरकारी पातळीवर घेतली गेली नाही असे नाही. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच ‘ओझ्याविना शिक्षण’ या विषयावर अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे मोठे आहे, असा त्या अहवालाचा सूर होता. केंद्रीय मंडळाने २००९-१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, दहावीची बोर्ड परीक्षा ऐच्छिक केली आणि २०१७-१८ पासून ती पुन्हा सक्तीची केली. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली. २०१० मध्ये दहावीसाठी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ सूत्र आले. ते उच्च न्यायालयात रद्द झाले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात टिकले.

या प्रत्येक सवलतीचा परिणाम साधारण सारखाच झाला. गुण वाढले, तसे अकरावी प्रवेशाचे कट-ऑफही वाढले. मंडळाची गुणवत्ता यादी गेली. तिची जागा चौकाचौकांत क्लासचालकांनी लावलेल्या फलकांनी घेतली. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यातील २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. त्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागातील होते. सराव परीक्षा आणि प्रश्नसंचांच्या अखंड मेहनतीवर उभा राहिलेला ‘लातूर पॅटर्न’ ज्या भूमीत रुजला, तीच ही भूमी. जेथे शंभरपैकी शंभर मिळवणारेही शेकड्यांनी आहेत, तेथे ८५ टक्क्यांचे पेढे वाटताना आईवडील संकोचतात.

टक्केवारी हा किती अस्थिर मापदंड आहे, हे मंडळाचे आकडेच सांगतात. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळास्तरावरील अंतर्गत गुण काढून घेतल्यावर २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर उतरला. हे गुण पुन्हा दिल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० टक्क्यांवर गेला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला होता. एका वर्षात राज्यातील मुले एकाएकी मंद झाली आणि पुढल्या वर्षी हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. बदलली होती ती मोजपट्टी. तरीही घरोघरी त्या मोजपट्टीवर मुलाची कुवत ठरवली गेली.

दडपणाने गुण वाढतात का?

‘थोडा धाक असल्याशिवाय मुले अभ्यास करीत नाहीत’ हा समज सर्वत्र आढळतो. त्यात अर्धेच सत्य आहे. रॉबर्ट यर्कस आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, काम सोपे असेल तर जोरकस उत्तेजनाने शिकणे जलद होते. काम अवघड असेल तर मात्र मध्यम उत्तेजन उपयोगी पडते आणि त्यापुढे ते अडथळा ठरते. पाढे घोकण्यापुरता धाक चालून जातो. भौतिकशास्त्रातील न पाहिलेले उदाहरण सोडवताना तोच धाक आड येतो. चिंतेने ग्रासलेले मन जो विचार उत्तरावर खर्च करावयाचा, तो ‘आता घरी काय सांगू’ यावर खर्च करते. वर्षभर नीट अभ्यास केलेली मुले परीक्षागृहात ‘ब्लँक’ होतात, ती यामुळे.

कौतुकालाही हाच नियम लागू पडतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी अमेरिकेतील पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले गेले, काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ असे. पुढे अवघड उदाहरणे देऊन मुद्दाम अपयश आणले, तेव्हा ‘हुशार’ ठरवलेल्या मुलांनी लवकर हात टेकले, त्यांची कामगिरी घसरली आणि त्यांच्यातील अनेकांनी आपले गुण वाढवून सांगितले. हुशारीचा शिक्का टिकवण्याची धडपड मुलाला खोटे बोलण्यापर्यंत नेते. प्रगतिपुस्तक लपवणे किंवा वडिलांची सही स्वतःच करणे हे प्रकार पुष्कळदा याच भीतीतून जन्मतात.

भारतीय संदर्भातील एक पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. कोलकात्यातील तीन शासकीय अनुदानित आणि तीन खासगी शाळांमधील अकरावी-बारावीच्या १९० विद्यार्थ्यांपैकी ६६ टक्क्यांनी अधिक गुणांसाठी पालकांचे दडपण जाणवते असे सांगितले, तर परीक्षेची चिंता वाटणारे ८१.६ टक्के होते. पाहणी एका शहरापुरती आणि लहान आहे. पण तिने मांडलेले चित्र पुण्या-मुंबईच्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही.

कायद्याची मर्यादा

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रवेशासाठी बालकाची अथवा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यास त्याने बंदी केली. शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळही निषिद्ध ठरवला. मात्र हा कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. दडपणाचा खरा काळ त्यानंतर सुरू होतो.

खासगी शिकवण्यांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, रँकची खोटी हमी देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ निर्देश दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमणे आणि गुणांनुसार तुकड्या न पाडणे यांचा त्यांत समावेश आहे. त्यापूर्वी नोव्हेंबर २०२३ मध्ये शिकवणी वर्गांवर नियंत्रण मागणाऱ्या याचिकेच्या वेळी याच न्यायालयाने, प्रश्न क्लासचा कमी आणि पालकांच्या अवाजवी अपेक्षांचा अधिक आहे, अशा आशयाचे मत व्यक्त केले होते. कायदा शाळेच्या आणि क्लासच्या दारापर्यंत येतो. घराचा उंबरठा ओलांडून जेवणाच्या ताटापर्यंत तो पोहोचू शकत नाही.

या प्रश्नाचे गांभीर्य राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालातून दिसते. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते. यातील प्रत्येक मृत्यूमागे अभ्यास हेच कारण होते असे नाही. कौटुंबिक कलह, आजार, एकटेपणा अशी अनेक कारणे एकत्र येतात आणि कोणत्याही एका व्यक्तीवर ठपका ठेवणे चुकीचे ठरते. पण अपयशानंतर घरी परतण्याची वाट बंद झाली आहे असे मुलाला वाटत असेल, तर ती वाट उघडी आहे हे वेळीच सांगणे पालकांच्या हाती असते.

कोणती चिन्हे ओळखावीत?

झोप अथवा भूक एकाएकी कमी होणे वा वाढणे, परीक्षेच्या दिवसांतच पोटदुखी किंवा डोकेदुखी उद्भवणे, आवडता खेळ वा छंद सोडून देणे, मित्रांपासून तुटणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे, गुणांविषयी वारंवार खोटे बोलणे, ‘माझा काही उपयोग नाही’ असे उद्गार काढणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर ती आळशीपणाची मानू नयेत. मुलाने मरणाची भाषा काढली तर ती धमकी समजून दुर्लक्ष करू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत घ्यावी. शाळेचे समुपदेशक, फॅमिली डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याबरोबरच केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. मुलांना स्वतः १०९८ या बालमदत क्रमांकावरही बोलता येते.

पालकांच्या हाती काय?

प्रवेशाची दारे रुंद करणे एकट्या पालकाच्या हाती नाही. घरातील अट काढून घेणे मात्र आहे. चाचणीनंतर ‘किती मिळाले?’ याआधी ‘कोणता प्रश्न अवघड गेला?’ असे विचारल्याने संभाषण गुणांवरून अभ्यासाकडे वळते. भावंडांशी वा शेजाऱ्यांशी तुलना टाळावी. तुलना करावयाचीच तर मुलाच्या गेल्या महिन्यातील प्रयत्नांशी करावी. शुल्काचा वा त्यागाचा उल्लेख अभ्यासाच्या वेळी करू नये. शाखा ठरवताना मुलाचा कल, मागील गुण आणि घरची आर्थिक ताकद या तिन्ही गोष्टी मोकळेपणाने समोर मांडाव्यात. पदविका, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, वाणिज्य, कला, विधी हे पर्याय नापासांसाठी राखून ठेवलेले नाहीत, हे आधी पालकांना स्वतःला पटले पाहिजे. पुरवणी परीक्षा आणि पुनर्मूल्यांकनाची माहिती निकालापूर्वीच करून घ्यावी. दुसरी वाट ठाऊक असली की पहिल्या वाटेवरची भीती कमी होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निकालाच्या आधी एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगावे : गुण कितीही मिळोत, संध्याकाळचे जेवण आपण एकत्रच घेणार आहोत. आपल्या घरांत माया बोलून दाखवण्याची पद्धत नाही. ती गृहीत धरली जाते. परंतु वर्षभर केवळ टक्क्यांची चर्चा ऐकलेल्या मुलाला ती गृहीत धरता येत नाही. ते एक वाक्य त्याला ऐकावे लागते.