सहन केलेली भिंत

इतिहास म्हटला की आपण महाड गाठतो, काळाराम मंदिर गाठतो. गाठलंच पाहिजे. पण एक इतिहास आपल्या खोलीच्या मागच्या बाजूला उभा आहे. पत्र्याची पडवी, बाहेर काढलेली मोरी, वर टाकलेला पोटमाळा. हे कुणाच्या परवानगीनं उभं राहतं आणि कुणाच्या हुकमानं पडतं, त्याचा हा हिशेब.

घर कुठं बांधायचं हे आपल्याला म्युनिसिपालटीनं पहिल्यांदा नाही सांगितलं. मनुस्मृतीनं चांडाळाची वस्ती गावाबाहेर टाकली. महारवाडा गावकुसाबाहेर राहिला तो त्याच हिशेबानं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं, पण गावाचा नकाशा तसाच राहिला.

मुंबईचा नियम जातीचं नाव घेत नाही. तो फुटात न् इंचात बोलतो. १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा बघा. कलम ३३७ म्हणतं, नवं बांधायचं तर आधी कमिशनरला नोटीस द्या. कलम ३४२ म्हणतं, आहे त्यात वाढवायचं तरी द्या. १८९६ ला प्लेग आला. रोगाचं खापर दाटीवर फुटलं, म्हणजे दाटीत राहणाऱ्यांवर. १८९८ ला इंप्रुव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्यानं वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, चाळी बांधल्या. त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेबांनी वीसेक वर्षं काढली. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानं वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोडला २०७ चाळी उठवल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. संडास सगळ्यांत मिळून.

१६० फुटांत सून आली, नातवंडं झाली तर माणूस जाणार कुठं? तो वर सरकतो, पोटमाळा टाकतो. बैठ्या खोलीत असला तर मागं सरकतो, पडवी काढतो. ज्याला बंगला आहे त्याच्या अंगणात गॅरेज उठतं, तो आर्किटेक्टकडनं नकाशा पास करून घेतो. आपल्याकडं आर्किटेक्ट नाही, गवंडी आहे. तोही नात्यातला.

माझ्या बापानं अशीच पडवी काढली. तिसरी पाळी करून आलो की मी तिथंच झोपतो. एक दिवस कागद आला. बापाला वाचता येईना, मला कळेना. मग एक इसम आला, म्हणाला, मिटवून टाकू. बापानं उसने पैसे काढून दिले. कागदात काय लिहिलंय हे त्या इसमानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याचा धंदाच आपल्या न कळण्यावर चालतो.

म्हणून कळून घ्या. काम चालू असताना ३५४अ ची नोटीस येते. काम थांबवा, २४ तासांत परवानगी दाखवा, असं ती म्हणते. काम झालेलं असेल तर ३५१ ची येते. का पाडू नये याचं कारण द्या, असं ती विचारते. विचारलंय तर मुदतीत लेखी उत्तर द्यायचं, पोच घ्यायची. ३४२ मध्येच सवलतही आहे. प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, मोरी-संडासाची दुरुस्ती, त्याच सामानाचं छप्पर पुन्हा घालणं, याला परवानगी लागत नाही. पण लांबी-रुंदी-उंची बदलली, पोटमाळा टाकला, कौलं काढून पत्रा घातला, की लागते. कौल आणि पत्रा यात एवढा कायदा भरलाय!

आणखी दोन तारखा पाठ करा. बांधकाम राहण्याचं असेल तर १७ एप्रिल १९६४, धंद्याचं असेल तर १ एप्रिल १९६२. त्याआधीचं असल्याचा पुरावा असेल तर महापालिका ते पाडत नाही. पण मान्यही करत नाही. त्याला म्हणतात 'टॉलरेटेड', म्हणजे सहन केलेलं. हा शब्द आपल्याला ओळखीचा आहे. गावानंही आपल्याला असंच सहन केलं होतं.

झोपडीचंही असंच. १९७१ ला झोपडपट्टीचा कायदा आला, १९७६ ला गणती होऊन फोटोपास मिळाले. १९८१ ला भर पावसात फुटपाथवरच्या माणसांना हुसकवायला निघाले. लोक सुप्रीम कोर्टात गेले. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात कोर्ट म्हणालं, जगण्याच्या हक्कात पोटापाण्याचा हक्क येतो. पण त्याच निकालानं हटवायचं कलमही शाबूत ठेवलं. गणतीचं कार्ड होतं त्यांना दुसरी जागा देण्याचा आदेश झाला. म्हणजे हक्काचं तत्त्व सगळ्यांना मिळालं, जागा मात्र कागदवाल्यालाच.

तेव्हा, दोस्तांनो, भाडेपावती, रेशनकार्ड, लाईटबिल, फोटोपास, जे जुनं असेल ते ट्रंकेतनं काढा. वस्तीतल्या प्रत्येक घराचं एका वहीत लिहून काढा, कुठला कागद, कुठल्या सालचा. म्हाताऱ्यांना विचारा, पडवी कधी काढली. रविवारी बुद्धविहारात बसून आलेली नोटीस मोठ्यानं वाचा. मिटवून टाकणारा इसम पुन्हा येईल. तेव्हा त्याच्यासमोर कागद वाचणारं पोरगं प्रत्येक गल्लीत बसलेलं पाहिजे.